दोन दारांचं बाथरूम

साहेब, ते सील तुम्ही लावलंत.

कुलूप तुमचं, लाख तुमची, शिक्का तुमचा. म्हणून ही हकीकत आधी तुम्ही वाचा. बाकीच्यांनी घाबरायला वाचली तरी माझी हरकत नाही. तुम्ही उत्तर द्यायला वाचा.

यातलं मी काहीही रंगवलेलं नाही. मी गोदामात माल चढवतो-उतरवतो. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं जे काही आलं ते रद्दीतली पुस्तकं वाचून. शुद्धलेखन चुकलं तर खुशाल हसा. पण गोष्ट खोटी म्हणू नका.

आणि यात मध्यरात्र, सोसाट्याचा वारा, रडणारी कुत्री असलं काही शोधू नका.

जे झालं ते भर दुपारी झालं. खाली हॉर्न वाजत होते. समोरच्या गॅरेजात कोणीतरी पत्रा ठोकत होतं. ऊन असं, की डोळे उघडवत नव्हते.



आमचं गोदाम या शहरात हललं तेव्हा मालकांनी एवढंच विचारलं, "येतोस की सोडतोस?" आलो. मी, बायको, पहिलीतली पोरगी आणि आई. पोरीला आम्ही ठमी म्हणतो. आईला ऐकू कमी येतं. कमी म्हणजे, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर येतं.

लोक म्हणाले होते, शहर मध्यम आहे, स्वस्ताई असेल. कसली स्वस्ताई! मोठ्या शहरात ज्यांचा टिकाव लागला नाही ते सगळे इथेच येऊन पडलेत, आणि घरमालकांना ते आपल्याआधी कळलंय. पहिल्या दलालाने भाडं सांगितलं तेव्हा बायको त्याला म्हणाली, "दादा, विकत नकोय. भाड्यानं हवंय."

हसलो आम्ही. पण घर काही मिळेना. एकीकडे पाणी नाही. एकीकडे लहान पोर चालत नाही. एकीकडे म्हातारं माणूस चालत नाही. वैतागून मी एका मालकाला विचारलं, "आईला आणि पोरीला रस्त्यावर ठेवून येतो, मग देता का?"

तो म्हणाला, "मग विचार करू."

शेवटी पगाराच्या निम्म्यात बसेल असं एकच घर सापडलं.

त्याचं कारण लगेच कळलं. ते घर नव्हतंच, अर्धं घर होतं. पहिल्या मजल्यावरच्या एका घराचे मालकाने प्लायवूडची भिंत घालून दोन तुकडे केले होते. पुढचा तुकडा आमचा, जिना मोठ्या रस्त्यावरून. मागच्या तुकड्याला लोखंडी जिना, मागच्या बोळातून. म्हणजे पलीकडे कोण राहतं ते आयुष्यात दिसायचं कारण नाही.

बाथरूम मात्र एकच. दोन्ही तुकड्यांच्या मधोमध.

म्हणून त्याला दोन दारं काढलेली. एक आमच्या खोलीत उघडणारं, एक पलीकडच्या खोलीत. दोन्ही दारांना आतूनही कडी, बाहेरूनही कडी. रीत सोपी होती. आत गेलं की पलीकडच्या दाराला आतून कडी घालायची. झालं की ती काढायची, बाहेर यायचं, आणि आपलं दार आपल्या खोलीतून लावून घ्यायचं. नाहीतर पलीकडचं माणूस बाथरूममधून थेट आपल्या स्वयंपाकघरात.

"बाहेरची कडी कायम लावलेली पाहिजे," बायकोने पहिल्याच दिवशी हुकूम काढला. "ठमी, ऐकलंस ना? कायम!"

मी दलालाला विचारलं होतं, पलीकडे कोण आहे?

"एक बाई आहे. एकटीच. आवाज नाही, भानगड नाही. तुम्हाला कळणारसुद्धा नाही ती आहे ते."

यातलं शेवटचं वाक्य साफ खोटं निघालं.

दुसऱ्याच दुपारी कळलं.

मला सुट्टी होती. जेवणं झाली होती. आई खाटेवर आडवी झाली होती. आणि बाथरूमच्या दारावर, आतून...

टक. टक. टक.

हळू. सावकाश. जरा खालच्या अंगाला.

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "झालं वाटतं त्यांचं. सांगतायत, आता तुम्ही जा म्हणून. बरी रीत आहे की! नाहीतर आपण आपले ताटकळत बसलो असतो."

आणि तिने जाऊन आपल्या बाजूने दार वाजवलं. टक टक टक. कळलं म्हणून.

आवाज थांबला.

किती साधी गोष्ट! शेजारणीने सांगितलं, आपण पोच दिली. त्या दिवसापासून तेच चाललं. दुपारी जेवणं झाली, भांडी आवरली, की टकटक. जो दाराजवळ असेल त्याने उलट टकटक करायची. ठमीला तर खेळच झाला. धावत जायची, वाजवायची, खिदळत परत यायची.

"बाबा, मावशीला मी सांगितलं!"

"शाब्बास."

शाब्बास म्हणालो मी.

हळूहळू बाकीचं लक्षात यायला लागलं. म्हणजे काय होतं ते नाही. काय नव्हतं ते.

प्लायवूडची भिंत केवढी असते? तिकडे कोणी शिंकलं तर इकडे समजावं. पण पलीकडून कधी खोकला आला नाही. फोडणीचा वास आला नाही. रेडिओ नाही, टीव्ही नाही, फोनवर बोलणं नाही. संध्याकाळी दाराखालच्या फटीतून उजेड दिसला नाही.

"एकटी बाई. बिल वाचवत असेल," मी म्हणालो.

"अंधारात?" बायको म्हणाली.

बाथरूममध्ये तिचा साबण नव्हता. टॉवेल नव्हता. एक जुनी निळी बादली होती, ती आमची नव्हती. ती रोज सकाळी पालथी असायची आणि दुपारच्या टकटकीनंतर मी आत गेलो की...

भरलेली असायची. काठोकाठ. पाणी अजून हलत असायचं.

तरी आम्हाला काही वाटलं नाही. खरं सांगतो. नव्या गावात माणूस इतका दमतो, की भीती वाटायलाही वेळ मिळत नाही. बायकोला औषधांच्या दुकानात काउंटरवर काम मिळालं होतं, दुपारी निघायची ती रात्री यायची. मी सकाळी लवकर जायचो, ती निघायच्या वेळेला परत यायचो. आमची दोघांची भेट म्हणजे जिन्यातली. "दूध तापवलंय." "ठमीचा डबा धुतला नाही." संपलं. आणि मनात सतत एकच, हे घर गेलं तर दुसरं मिळायचं नाही.

मग बटणं यायला लागली.

पहिलं ठमीला सापडलं. शर्टाचं पांढरं बटण, चार भोकांचं. बाथरूमच्या दाराशी, आमच्या बाजूला. मला वाटलं माझंच तुटलं. दुसऱ्या दिवशी दोन. मग रोजच.

एकदा मी डोळ्यांनी पाहिलं. जमिनीवर बसून मोजे काढत होतो. टकटक झाली. ठमीने उलट टकटक केली. आणि दाराखालच्या फटीतून...

एक बटण आलं.

घरंगळत नाही. कोणीतरी बोटाने ढकलावं तसं. थोडं आलं, थांबलं. पुन्हा थोडं आलं.

मग फटीतलं ते बोट मागे गेलं.

बोट मी पाहिलं का? पाहिलं असं छातीठोक सांगू शकत नाही. काहीतरी फिकट मागे सरकलं, एवढंच.

"मावशी मला बटणं देते," ठमी म्हणाली आणि ते आपल्या डबीत टाकलं. डबी निम्मी भरली होती.

आता त्या दुपारचं सांगतो.

गोदामात यायचा ट्रक वाटेत बंद पडला, म्हणून आम्हाला लवकर सोडलं. घरी आलो तर बायकोला दुकानात लवकर बोलावलेलं, ती निघून गेलेली. ठमीची शाळा त्या दिवशी लांबलेली. आई खाटेवर, नेहमीसारखी शाल डोक्यावरून ओढून. तिला उठवायचं नाही म्हणून मी चप्पलसुद्धा हळू काढली.

स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. आणि...

टक. टक. टक.

मी हात पुसला, जाऊन उलट टकटक केली. चहात साखर टाकली.

टक. टक. टक.

हे नवीन होतं. आमची पोच मिळाली की ती थांबायची. रोज थांबायची. मी पुन्हा वाजवलं, जरा जोरात. "कळलं हो बाई!" असंही म्हणालो.

थोडा वेळ काही नाही. चहा उकळला. मी दोन कपांत ओतला. एक घेऊन खाटेशी गेलो.

टक. टक. टक.

"आई, चहा," म्हणून मी शाल बाजूला केली.

शालीखाली उशी होती.

नुसती उशी.

कप तिथेच ठेवून मी बाथरूमकडे धावलो. कडी काढली. दार उघडलं.

आई आत होती. पालथ्या निळ्या बादलीवर बसली होती. शांत. हात मांडीवर.

पण तिची पाठ आमच्या दाराकडे नव्हती, तोंडही नव्हतं. ती कोपऱ्यात होती. दारापासून एवढी लांब, की हात लांब केला तरी दाराला लागणार नाही.

मी तिच्या कानाशी ओरडलो, "आई! कधीची आत आहेस?"

"जेवले आणि आले. मग दार उघडेना."

कळलं मला. बायको कामाच्या घाईत. शाल बघितली, आई झोपली असं समजली. बाथरूमची कडी निघालेली दिसली, तिचाच हुकूम, लावली आणि गेली. नंतर तिने सांगितलं, निघताना टकटक झाली होती. तिने उलट टकटक केली होती.

"अगं, मग हाका मारायच्या! नुसतं दार वाजवत बसलीस?"



"मी कुठे वाजवलं?"

"मग?"

"ती वाजवत होती."

"कोण ती?"

"पलीकडची. तिथे बसली होती, दाराला टेकून." आईने आमच्या दाराच्या तळाकडे बोट दाखवलं. "फार भली बाई आहे रे. मला बादलीवर बसवलं, आपण खाली बसली. तिलाही ऐकू येत नाही. माझ्यापेक्षा वाईट. बोलताही येत नाही. खुणांनीच बोललो आम्ही."

"काय... काय म्हणाली?"

आईने मूठ वळली. हवेत तीनदा ठोठावल्यासारखं केलं. मग तळहात समोर धरला, जणू दाराला लावलाय.

"म्हणाली, मी ठोठावते. हात दाराला लावून बसते. पलीकडून कोणीतरी ठोठावतं, ते हाताला कळतं."

आईने तळहात खाली घेतला.

"म्हणाली, उलट ठोठावतात. उघडत का नाहीत?"

मी आईला उचलूनच बाहेर आणलं. मग परत आत गेलो. का गेलो, मला माहीत नाही.

पलीकडचं दार हलवून पाहिलं. त्या बाजूने घट्ट बंद. फरशी सगळी कोरडी. फक्त आमच्या दाराशी एक ओलसर डाग. माणूस बसून उठावं तेवढा. आणि आमच्या दाराला आतून नवा रंग दिलेला, त्या रंगात एके ठिकाणी टवका उडालेला. आतलं लाकूड दिसत होतं. गुळगुळीत झालेलं.

उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर नव्हता तो टवका. बसलेल्या माणसाच्या होता.

मी आमचं दार लावलं. कडी घातली. मग कडीकडे पाहिलं, आणि काढली.

आईला समोरच्या गॅरेजवाल्यांकडे बसवलं आणि वळसा घालून मागच्या बोळात गेलो. पहिल्यांदाच. लोखंडी जिना चढलो. बाईला भेटायचं, हात जोडायचे, एवढंच डोक्यात होतं. म्हणजे, तेवढंच असावं असं मला वाटत होतं.

जिन्यावर धुळीचा थर. माझ्या पावलांखेरीज एकही पाऊल नाही.

आणि दारावर, साहेब, तुमचं सील.

कुलूप, त्यावर कापड, त्यावर लाल लाख. कोळ्याने दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून कुलपापर्यंत जाळं विणलेलं. बाजूच्या कागदावर तुमचा शिक्का. आम्ही राहायला येण्याच्या कितीतरी आधीचा.

जिन्याखाली एक शिंप्याचं दुकान आहे. म्हातारा गृहस्थ. मी खाली आलो तेव्हा माझा चेहरा बघून त्याने आधी स्टूल दिलं, मग पाणी.

"वर कोण राहायचं?"

"काज-बटणवाली. बहिरी होती, मुकी होती, पण हात असा की काय सांगू. माझे सगळे शर्ट तिच्याकडेच जायचे. माणूस एकदम खरं. असं मला वाटायचं हो!"

"का? काय झालं?"

"मी पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. आलो तर वर सील. बेकायदा बांधकाम म्हणे. बया माझे शर्ट घेऊन पसार. गिऱ्हाइकांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही, भाऊ. किती शिव्या घातल्या मी तिला!"

"तिला जाताना पाहिलं कोणी?"

शिंप्याने सुईत दोरा ओवायचा थांबवला.

"नाही बुवा. कोणीच नाही."

मी दलालाला फोन केला. म्हणाला, "मी कुठे म्हणालो आहे म्हणून? होती म्हणालो असेन." मालकाला केला. तो म्हणाला, "तुमचा तुकडा कायद्यात बसवून घेतलाय, तुम्ही गप राहा. नसेल पटत तर खोली सोडा, रांग लागलीय बाहेर." एकाच घराचा मागचा तुकडा बेकायदा, पुढचा कायदेशीर! कसा बसवला, ते त्याला माहीत आणि साहेब, तुम्हाला माहीत. मी त्यात पडत नाही. त्या वेळी पुढचा तुकडा रिकामाच होता. बाथरूमच्या दाराला आमच्या बाजूने कडी लावून मालकाने घर बंद ठेवलं होतं. हेही त्यानेच सांगितलं.

मग मी पालिकेत तुमच्याकडे आलो. आठवतंय? तुम्ही पेनाने कान कोरत होतात.

मी म्हणालो, मागच्या खोलीत एक बाई होती.

तुम्ही म्हणालात, "आम्ही रीतसर तीनदा आवाज दिला होता. आतून उत्तर आलं नाही."

"तिला ऐकू येत नव्हतं, साहेब."

"ते आम्हाला कसं कळणार?"

"आत गेला असतात तर कळलं असतं."

"आत कसे जाणार? दार बंद होतं."

मी विचारलं, "तिचं कुलूप होतं का दाराला?"

"नव्हतं. म्हणून तर आमचं लावलं," तुम्ही म्हणालात आणि पुढच्या माणसाला हाक मारलीत.

मीही बावळट. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिंप्याला घरी आणलं. पलीकडच्या दाराच्या बिजागऱ्या बाथरूमच्या बाजूला होत्या. शिंपी म्हणत होता, "नको रे भाऊ, सरकारी भानगड आहे." पण स्क्रू-ड्रायव्हर त्यानेच धरला होता. स्क्रू गंजलेले. एकेक काढता काढता घाम फुटला.

शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा आमच्या मागून, आमच्या दारावर...

टक. टक. टक.

आम्ही दोघं बाथरूममध्ये होतो. आमचं दार सताड उघडं होतं. भिंतीला टेकलेलं. त्या उघड्या दारावर आवाज झाला.

शिंप्याने माझा दंड पकडला. बोटं रुतली त्याची.

दार बाजूला सरकवलं. बंद हवेचा भपकारा आला. पण तुम्हाला वाटतोय तसला वास नाही. कसलाच नाही. जुन्या कपड्यांचा फक्त.

आत कोणी नव्हतं.

खिडकीला गज. गजांपलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत, हात बाहेर काढला तर तिलाच लागेल. जमिनीवर धूळ. एकही पाऊल नाही. कोपऱ्यात घडी घातलेलं अंथरूण. पाण्याचं रिकामं भांडं. बाथरूमच्या दाराशी बायकांच्या चपला, शेजारी शेजारी, बाथरूमकडे तोंड करून.

आणि दोरीवर शर्ट. ओळीने टांगलेले.

"माझेच," शिंपी म्हणाला. "माझेच आहेत. नेले नाहीत तिने."

त्याने एक शर्ट हातात घेतला. काजं सगळी झालेली. सुरेख, एकसारखी. पण बटणं नव्हती. एकाही शर्टाला नाही. जिथे बटण असायला हवं तिथे कापलेला दोरा लोंबत होता.

लावलेली बटणं कापून काढली होती. एकेक.

माझ्या डोळ्यांसमोर ठमीची डबी आली.

ज्याला ओरडता येत नाही, ऐकू येत नाही, तो काय करेल? दार ठोठावेल. आणि दाराखालून काहीतरी सारेल. मी आहे म्हणून सांगायला. जे हाताशी असेल ते.

शिंपी तो शर्ट घेऊन खाली बसला. "मी तिला शिव्या घातल्या रे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मी मात्र उभाच होतो. कारण मला समोर बोळाकडचं दार दिसत होतं. तेच, ज्याला बाहेरून तुमचं सील आहे.

त्या दाराला आतून कडी होती.

आणि ती कडी...

लावलेली होती.

बाथरूमच्या दाराच्या कडीकडेही पाहिलं. तीही खोलीच्या बाजूने लावलेली होती. बिजागऱ्या काढल्या म्हणून दार आलं, कडी अजून चौकटीत अडकून होती. गंजून एकजीव झालेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेब, बाहेरून कुलूप नसलेलं दार ढकलून उघडत नाही, म्हणजे ते आतून बंद असतं. आतून बंद असतं, म्हणजे आत माणूस असतं. हे शेंबड्या पोराला कळतं. ठमीला कळतं. तुम्ही त्या दाराशी उभे होतात. तुमच्यासोबत माणसं होती. एकालाही कळलं नाही?

की कळलं, आणि जेवायची वेळ झाली होती?

त्यानंतर तुम्ही फार तत्पर झालात. सील असलेल्या जागेत घुसलो म्हणून मला नोटीस आली. तुमची माणसं आली, ते दार परत बसवलं, त्यालाही आमच्या बाथरूममधून सील ठोकलं. मी म्हणालो, आतली कडी बघा, शर्ट बघा, चपला बघा. तुमचा माणूस म्हणाला, "आत कोणी सापडलं नाही ना? मग आत कोणी नव्हतं. विषय संपला."

विषय संपलेला नाही.

आम्ही अजून तिथेच राहतो. विचारू नका का. डिपॉझिट भरून दुसरं घर घ्यायची ऐपत असती तर पहिल्याच दिवशी पळालो असतो. भुताला घाबरून घर सोडणं हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. आमच्यासारख्याने भुताशी जमवून घ्यायचं असतं.

बाथरूमची कडी आम्ही काढूनच टाकली. दार रात्रंदिवस उघडं असतं. टकटक आता होत नाही. बटणं येत नाहीत. निळी बादली कोरडी असते. वाटलं, सुटली बिचारी.

ठमीने डबी शिंप्याला नेऊन दिली. त्याने ती बटणं लावली नाहीत. नुसती ठेवलीत, मशीनच्या फळीवर.

पण आई...

आई दुपारी जेवून बाथरूममध्ये जाते. दार उघडं असतं. ती बाहेर येत नाही. बादलीवर बसत नाही आता, खाली बसते, उघड्या दाराला टेकून. आणि हात वर करते.

टक. टक. टक.

मी कानाशी ओरडून सांगतो, "आई, उघडं आहे! ये बाहेर!" ती माझ्याकडे बघते. ओळख नसल्यासारखी. काल बायको रडायला लागली. म्हणाली, "अहो, आईंना आत्ता कानाशी ओरडून सांगितलं, तरी ऐकू आलं नाही. काहीच नाही ऐकू आलं."

आज सकाळपासून आई एक शब्दही बोललेली नाही.

मग मी काय करतो, सांगतो. उघडं दार आधी लावून घेतो. मग तिच्यासमोर पूर्ण उघडतो. हात धरतो. तेव्हा ती उठते, माझ्याबरोबर बाहेर येते, आणि दुपारभर माझा हात सोडत नाही. एके दिवशी मी कामावरून वेळेत पोचलो नाही, तर?

म्हणून हे लिहिलं. मला नुकसानभरपाई नको. तुमची माफीही नको, ती तुमच्याजवळ ठेवा.

समोरच्या दाराला आतून कडी. बाथरूमच्या दाराला आतून कडी. खिडकीला गज. बाहेर तुमचं सील, न फुटलेलं. आणि आत कोणी नाही.

तुम्ही म्हणता आत कोणी नव्हतं. मग त्या दोन्ही कड्या आतून कोणी लावल्या? आणि ज्या बाईने लावल्या, ती कुठून बाहेर पडली?

माझी आई तिच्यामागे जायच्या आत सांगा.